फॅसिझमविरोधी बलिदान आणि आपले आजचे कर्तव्य

इटलीच्या पेरुजा प्रांतात मोंतोने नावाचे एक लहान डोंगरी गाव आहे. २०२३ साली त्या गावाने दुसऱ्या महायुद्धात तेथील खोऱ्यात धारातीर्थी पडलेल्या एका भारतीय सैनिकाच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले. तो सैनिक आपल्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा सुपुत्र होता. नाईक यशवंत घाडगे हे त्याचे नाव. या स्मारकासाठी निवडलेल्या लॅटिन बोधवाक्याचा आशय असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो.

हे बोधवाक्य वाचताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्या देशातील गावाने हे स्मारक उभारले, त्याच देशात फॅसिझमचा जन्म झाला. माणसामाणसांत जन्मावरून उच्च-नीच ठरविणाऱ्या त्या विचारसरणीच्या पाडावासाठी माणगावचा एक तरुण तेथे जाऊन मरण पावला. त्याच्या बलिदानाचे आपण काय केले? पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला म्हणजे ऋण फिटते काय? विद्यार्थ्यांसमोर या प्रश्नाचा विचार मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन सैनिकांची कहाणी

दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात दाखल झाले. त्यांपैकी सत्त्याऐंशी हजारांहून अधिक परतले नाहीत. इटलीच्या रणभूमीवर चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या व तेथे पाच हजार सातशेंहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते स्वतः वगळता तुकडीतील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. मागे न वळता घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले व हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली. उरलेल्या शत्रूसैनिकांशी झुंजताना मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी प्रतिकार केला. ते ठाणे जिंकले गेले. परंतु शत्रूच्या नेमबाजाच्या गोळ्यांनी घाडगे यांचा प्राण घेतला. वय होते अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित स्थळी पोहोचविले. त्यानंतर पुन्हा परतून त्यांनी शत्रूची तीन मशीनगन-ठाणी निकामी केली. अहमदनगर जिल्ह्यातील या शेतकरीपुत्रालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ते कोणाविरुद्ध लढले?

फॅसिझम म्हणजे केवळ हुकूमशाही नव्हे. राष्ट्र हे एका नेत्यात मूर्त झाले आहे, त्या नेत्याला प्रश्न विचारणे म्हणजे राष्ट्रद्रोह होय, आणि राष्ट्राच्या दुर्दैवाला आपल्यातीलच कोणी ‘परके’ जबाबदार आहेत, अशी त्याची शिकवण असते. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुसोलिनी इटलीचा पंतप्रधान झाला तो राजाच्या नेमणुकीने. १९२४ साली निवडणुकीतील दहशतीविरुद्ध संसदेत बोलणाऱ्या जाकोमो मात्तेओत्ती या खासदाराचे अपहरण करून खून करण्यात आला. पुढे दोन वर्षांत विरोधी पक्ष नामशेष झाले. १९३८ साली वंशभेदाचे कायदे आले व ज्यू मुलांना सरकारी शाळांतून बाहेर काढण्यात आले.

जर्मनीतही हाच क्रम दिसतो. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेनेच कायदा करून आपले अधिकार त्याच्या सरकारच्या हवाली केले. त्या वाटेचा शेवट साठ लाख ज्यूंच्या संहारात झाला. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लोकशाहीची इमारत एका रात्रीत कोसळली नाही. एक एक वीट काढली जात होती आणि प्रत्येक वेळी पुष्कळ सज्जन माणसे म्हणत होती की, एका विटेने काय होणार?

साम्राज्याच्या गणवेशातील माणसे

या इतिहासातील एक अवघड सत्य लपवून चालणार नाही. हे सैनिक स्वतंत्र देशाचे नागरिक नव्हते. युद्धात भारताला ओढताना ब्रिटिश सरकारने भारतीयांचे मत विचारले नव्हते. अनेक तरुण पोटासाठी भरती झाले होते. १९४३ साली सैन्य परदेशात लढत असताना बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली.

याशिवाय, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराविरुद्ध लढणारे ते सैन्य स्वतः ‘लढाऊ जाती’ या भेदावर उभे होते. पिढ्यानपिढ्या सैनिकी पेशा केलेल्या महार समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच पलटण उभारली आणि १९२१ साली ती मोडली. जुलै १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नियुक्त झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाविरुद्ध आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. देशासाठी मरण्याचा हक्कदेखील ज्यांना भांडून मिळवावा लागला, त्यांच्या मनात समतेचे मोल किती असेल याची कल्पना करावी.

बाबासाहेबांनी लावलेला अर्थ

साम्राज्यही अन्यायी आणि फॅसिझमही अन्यायी. मग बाजू कोणती घ्यावी? बाबासाहेबांनी या पेचातून पळ काढला नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये, मजूरमंत्री असताना, मुंबई आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात त्यांनी भारतीय कामगारांनी हे युद्ध जिंकण्याचा निर्धार का करावा हे सांगितले. नाझींची ‘नवी व्यवस्था’ विजयी झाली तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना थाराच उरणार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. मात्र जुनी व्यवस्था जशीच्या तशी टिकविणे त्यांना मुळीच मान्य नव्हते.

सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्ली येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात ते याहून खोल गेले. इटली व जर्मनीत संसदीय लोकशाही का कोसळली, असा प्रश्न त्यांनी विचारला. सामाजिक आणि आर्थिक लोकशाहीचा पाया नसलेली राजकीय लोकशाही टिकू शकत नाही, हे त्यांचे उत्तर होते. भुकेल्या आणि अपमानित माणसाला मतपत्रिका पुरेशी वाटत नाही; तो तारणहार शोधू लागतो. आमच्या मते, फॅसिझमवर याहून नेमके निदान क्वचितच कोणी केले असेल.

अहिंसा आणि हे बलिदान

आमचे विद्यार्थी रोज पंचशील ग्रहण करतात. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेणाऱ्यांनी सैनिकाचा गौरव कसा करावा, ही शंका रास्त आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची गरज आणि हत्येची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, यांत्रिक नियम नव्हे, असे ते सांगतात. दुर्बलांचा संहार होत असता हात बांधून बसणे म्हणजे अहिंसा नव्हे. तथापि, युद्धाची हौस बाळगणे हा तर धम्माचा द्रोहच होय. म्हणून आपण वंदन करावे ते नामदेव जाधवांच्या पाठीवरील जखमी सोबत्याला स्मरून. शत्रूच्या बाजूने मेलेला तरुणही कोणा मातेचा पुत्र होता, हे विसरू नये. शत्रूविषयीचा द्वेष शिकविणारी स्मृती शेवटी फॅसिझमचीच सेवा करते.

खरे स्मारक

युद्धानंतर इटलीने नवे संविधान लिहिले. ते १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आले. त्याच्या तिसऱ्या कलमात कायद्यापुढील समता आहेच, शिवाय समतेच्या आड येणारे आर्थिक व सामाजिक अडथळे दूर करणे हे प्रजासत्ताकाचे कर्तव्य ठरविले आहे. दोन वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, आपले संविधान अमलात आले. त्यानेही समता दिली, अस्पृश्यता नष्ट केली आणि प्रास्ताविकेत बंधुतेचे वचन दिले. दोन देश वेगळे, इतिहास वेगळे. पण माणसाची प्रतिष्ठा जन्मावर अवलंबून नाही, हे दोन्ही संविधानांचे अधिष्ठान आहे. घाडगे यांचे सूर्यघड्याळ मोंतोने येथे आहे. त्यांचे खरे स्मारक या दोन ग्रंथांत आहे असे आम्ही मानतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविषयी इशारा दिला. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणात ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा इशारा कोणत्याही एका पक्षापुरता नाही. आपल्या आवडत्या नेत्याला, प्रसंगी आपल्याच चळवळीतील पुढाऱ्याला, प्रश्न विचारण्याचे धैर्य आपल्यात आहे काय, हे त्यावरून तपासावे. ज्याचे मत आपल्याला पटत नाही, त्याचा बोलण्याचा हक्क आपण राखतो काय? गावात, समाजात कोणा एका समूहावर सर्व दोष लादले जात असता आपण गप्प बसतो काय? निवडणूक पाच वर्षांनी येते. हे प्रश्न मात्र दररोज येतात. बावीस वर्षांच्या त्या तरुणाकडून काळाने प्राण मागितले. आपल्याकडून आज प्राण मागितलेले नाहीत. केवळ जागरूकता मागितली आहे. तेवढी देण्यास आपण कचरलो, तर हार घालण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. फॅसिझम आणि जातिव्यवस्था यांच्या विचारपद्धतीत कोणते साम्य दिसते?

२. सामाजिक लोकशाहीविना राजकीय लोकशाही का टिकत नाही? आपल्या गावातील एका उदाहरणावरून स्पष्ट करा.

३. आदर आणि विभूतिपूजा यांतील सीमारेषा कोठे आखावी?

४. आपल्या गावातून वा तालुक्यातून महायुद्धात गेलेल्या सैनिकांविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व ती लिहून ठेवा.