चौकटीबाहेरचंही दिसू दे

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस की जुना फिल्मचा कॅमेरा घ्यायचाय, तोही रेंजफाइंडर, आणि आई म्हणते हातात एवढा चांगला मोबाइल असताना हे कशाला. आईला मी समजावते, तू काळजी करू नकोस. पण त्याआधी तुझ्याशी नीट बोलायचंय. कॅमेरा घे, असंच मी सांगणार आहे. फक्त तो जुना दिसतो, कपाटात शोभतो, हातात धरून फोटो छान येतो, म्हणून घेऊ नकोस. तो वेगळ्या तऱ्हेने बघायला लावतो म्हणून घे.

एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्सचा आणि आपल्या डोळ्याचा संबंधच नसतो. वरच्या बाजूला एक साधी काचेची खिडकी असते, तिच्यातून समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, जवळचं आणि लांबचंही. मधोमध एक फिकट पिवळसर ठिपका असतो आणि त्या ठिपक्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. नागऱ्याच्या शिवमंदिरात जाशील तेव्हा एखाद्या खांबाच्या उभ्या कडेवर तो ठिपका ठेव. कडा दोन दिसतील. लेन्सची रिंग हळूहळू फिरव, दुसरी कडा सरकत सरकत येईल आणि पहिलीवर चपखल बसेल. बसली की फोकस झाला. कॅमेऱ्याच्या अंगावर दोन खिडक्या असतात, त्यांच्यातल्या अंतरावरून तो समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो, एवढंच त्यातलं गुपित. मंदिराच्या आतल्या अपुऱ्या उजेडातही हे जमतं, कारण डोळ्याला फक्त दोन रेषा जुळवायच्या असतात. पहिल्यांदा ती कडा जुळेल तेव्हा तुझ्या बोटांना जे कळेल ते मला शब्दांत सांगता येत नाही.

पण मला हा कॅमेरा आवडतो त्याचं खरं कारण पुढेच आहे. त्या खिडकीत फोटोची चौकट बारीक उजळ रेषांनी आखलेली असते आणि रेषांच्या बाहेरचंही दिसत राहतं. आषाढात रोवणीच्या वेळी बांधावर उभी राहा. बांधीत बायका ओळीने वाकलेल्या आहेत, तुझी चौकट ठरली आहे. तेवढ्यात डावीकडून एकजण पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन चिखल तुडवत येतेय. ती अजून फोटोत नाही, पण तुला खिडकीत दिसतेय. ती रेषेपाशी कधी येईल, पाय कधी उचलेल, पेंढी कधी टाकेल, याचा अंदाज तू आधीच बांधतेस. एसएलआरमध्ये बटण दाबताच आतला आरसा वर उचलला जातो आणि नेमक्या त्याच क्षणी डोळ्यापुढे अंधार येतो. इथे आरसाच नाही, त्यामुळे जो क्षण तू पकडलास तो तुझ्या डोळ्यांनीही पाहिलेला असतो. आणि दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लाव. अर्धा चेहरा झाकला तरी समोरच्या बाईला तू दिसत राहतेस, हसलीस तर तिला कळतं.

हे काही नवं शहाणपण नाही. जर्मनीतल्या वेट्झलर गावच्या लाइट्स कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा, खिशात मावेल असा कॅमेरा त्याने बनवला. १९२५ मध्ये तो ‘लायका’ नावाने बाजारात आला. १९३२ च्या मॉडेलमध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला आणि १९५४ च्या एम-३ मध्ये बघायची आणि फोकस करायची खिडकी एकच झाली. १९५९ मध्ये निकॉन एफ हा एसएलआर आला आणि बातमीदार, लग्नाचे फोटोग्राफर, सगळे हळूहळू एसएलआरकडे वळले. लांबच्या लेन्सना, अगदी जवळून काढायच्या फोटोंना तेच सोयीचं होतं. रेंजफाइंडर मागे पडला, पण ज्यांना माणसांमध्ये राहून फोटो काढायचे होते त्यांनी तो सोडला नाही.

ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ हे नाव तू ऐकलं असशील. ३० जानेवारी १९४८ ला दुपारी तो दिल्लीत गांधीजींना भेटला आणि थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर नेहरू लोकांना ती बातमी सांगताहेत, तो फोटो त्याच्या लायकाने काढलेला. फोटो धूसर आहे, हललेला आहे. दिव्याचा तेवढाच उजेड होता. पण त्या रात्रीचं दुःख त्यात जसंच्या तसं उतरलंय. फोटो काचेसारखा लख्ख नसला तरी खरा असू शकतो, हे एकदा तो फोटो बघून मनात पक्कं करून ठेव.

आणि एवढं दूर कशाला, आपल्या विदर्भातलंच बघ. सेवाग्रामच्या आश्रमात कनू गांधींना बापूंचे फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये दिले. बापूंनी अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम या फोटोंसाठी पैसे देणार नाही. कनूंचा कॅमेरा रोलायफ्लेक्स होता, म्हणजे रेंजफाइंडर नव्हे. पण त्या अटी मला फार मोलाच्या वाटतात. तुझ्या कॅमेऱ्यासाठीही त्याच ठेव. फ्लॅश विकत घेऊच नकोस. कोणाला ‘इकडे बघा, हसा’ म्हणू नकोस. आणि घरून पैसे मागू नकोस, स्वतःच्या कमाईतून रोल आण. एका रोलमागे फिल्म, धुलाई आणि स्कॅन मिळून हजाराच्या वर सहज जातात. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ नावाची आपली कृष्णधवल फिल्म मिळायची, तो कारखाना बंद पडला. आता सगळी फिल्म बाहेरून येते. छत्तीस फोटोंचा रोल असतो, म्हणून बटण दाबायच्या आधी तू दोन पावलं पुढे जाशील, थांबशील, कधी कॅमेरा खालीही करशील. तो खाली केलेला कॅमेरासुद्धा शिकणंच आहे.

कोणता घ्यायचा? लायकाचा विचार आत्ता करू नकोस. एम-६ कंपनीने २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला हे खरं, पण त्याची किंमत लाखांत आहे आणि फोटो काढायला शिकायला त्याची गरज नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ बघ, १९६६ पासूनचा आहे. त्याची ४५ मिलिमीटरची एफ १.७ लेन्स फार गोड आहे. ॲपर्चर तू निवडायचं, शटरचा वेळ तो ठरवतो. उजेड कमी पडला तर पिवळा दिवा लागतो, जास्त झाला तर लाल. त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, पण अडॅप्टर लावून साध्या बॅटऱ्या चालतात. १९७२ चा कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ मिळाला तर त्याहून बरा. बॅटरी नसली तरी त्याचं शटर सगळ्या वेगांवर चालतं आणि तुला उजेडाचा अंदाज स्वतः करायला शिकवतं. रशियन झोर्की स्वस्त मिळतो, दणकट असतो, पण एक नियम कधी मोडू नकोस: आधी फिल्म पुढे ओढायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलंस तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

ऑनलाइन मागवण्यापेक्षा हातात घेऊन बघता आला तर फार चांगलं. खिडकीतून दूरच्या मोबाइल टॉवरकडे बघ, रिंग अनंतावर ठेव. टॉवर एकच दिसला पाहिजे. दोन दिसले, किंवा एक वर एक खाली असे दिसले, तर रेंजफाइंडर सरकलाय. दुरुस्ती होते, पण किंमत त्या हिशेबाने ठरव. मागचं झाकण उघडून टॉर्च लेन्समधून आरपार मार. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं दिसलं तर ती बुरशी आहे, तो कॅमेरा घेऊ नकोस. झाकणाच्या खाचांत काळा फोम असतो, जुन्या कॅमेऱ्यात तो विरघळून चिकट होतो आणि आत उजेड शिरतो. तेवढ्यासाठी नाही म्हणू नकोस. फोम खरवडून तिथे काळी लोकर बसवता येते.

घरी आणल्यावर आपल्या गोंदियाच्या हवेचा विचार तुलाच करावा लागेल. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कधी ठेवू नकोस, चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव आणि महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढून शटर चालव. उन्हाळ्यात रोल फ्रिजमध्ये, पण वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर फिल्मवर बाष्प धरतं. कृष्णधवल रोल घरी धुवायला शिक, मात्र सुरुवात हिवाळ्यात कर. डेव्हलपर साधारण वीस अंशाला लागतो आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं. उन्हाळ्यात धुवायचाच झाला तर बाटल्या बर्फाच्या टपात ठेव, थर्मामीटर लाव, आणि शेवटी धुवायचं पाणीही त्याच तापमानाचं घे. नाहीतर फिल्मवरचा थर सुरकुततो.

दोन बारीक गोष्टी. फिल्म भरल्यावर लीव्हर ओढशील तेव्हा दुसऱ्या टोकाची रिवाइंडची खुंटी फिरतेय ना ते बघ. फिरत नसेल तर फिल्म आत अडकलेलीच नाही. आणि लेन्सचं झाकण खिशात ठेव. ते लागलेलं असलं तरी खिडकीतून सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून लक्षात येत नाही.

सारसांचे फोटो काढायचेत म्हणत होतीस. बाप्पा, त्यासाठी हा कॅमेरा नाही. सारसाला लांबची लेन्स हवी आणि त्याच्यापासून लांब राहणंही हवं. धानाच्या बांधीत जोडी दिसली तर दुरूनच बघ, डोळे भरून बघ. या कॅमेऱ्याची जागा माणसांमध्ये आहे, हाताच्या अंतरावर. महाशिवरात्रीला मंदिरापुढे लोटणारी गर्दी, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी एका बल्बखाली तोंडाला रंग लावून घेणारा पोरगा. आयएसओ चारशेची फिल्म घाल, ॲपर्चर पूर्ण उघड, कोपर भिंतीला टेकव, श्वास रोख. शटरचा आवाज इतका हळू असतो की त्याला कळणारही नाही. म्हणूनच आधी विचारायचं. लपून काढलेला फोटो मला तुझ्याकडून नको.

फोटो काढला की लोक म्हणतील, ‘दाखव ना, कसा आला.’ तुझ्याकडे दाखवायला काही नसेल. मग नाव विचार, गाव विचार, वहीत लिही, आणि प्रिंट काढून पुन्हा त्यांच्याकडे जा. रोवणीचा फोटो कापणीच्या आत त्या बाईच्या हातात पडला पाहिजे. मोबाइलमध्ये काढलेला फोटो त्याच क्षणी दाखवला आणि विषय संपला असं होतं. इथे तुला परत जावंच लागतं, तिच्या अंगणात बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो. दुसऱ्या खेपेला ती तुझ्यासाठी थांबत नाही की सावरून बसत नाही, आपलं काम करत राहते. तेव्हा जे फोटो मिळतात ते पहिल्या भेटीत कधीच मिळत नाहीत.

निगेटिव्ह जपून ठेव हं. सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून बटर पेपरच्या पाकिटात घाल, पाकिटावर महिना, गाव आणि माणसांची नावं लिही. आणि कॅमेरा मंडईच्या तोंडावर घेऊ नकोस, श्रावणातच घे, म्हणजे एक रोल घरच्यांवर खर्च करून बघता येईल. पहिला रोल आईवर काढ. ती भाजी निवडत असेल तेव्हा काढ आणि प्रिंट तिला दे. मग तिला समजवायचं माझं काम बरंच हलकं होईल.