चाळिशीपासून मेंदूची काळजी

घरातली आजी तेच ते पुन्हा विचारू लागली, रोजच्या गल्लीत वाट चुकली, की आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतो. चष्मा कुठे ठेवला हे कधीतरी कोणीही विसरते. पण सवयीचा स्वयंपाक जमेना, पैशांचा हिशेब लागेना, तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. भारतात साठीपुढच्या दर १०० जणांत सुमारे ७ जणांना हा आजार आहे. थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विसराळूपणा येतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या दूर झाल्या, तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. कमी शिक्षण, मधुमेह, एकटेपणा, दारू, हवेतले प्रदूषण हे सारे त्यात आहे. आपल्या वस्त्यांसाठी आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चाळिशीतला रक्तदाब. तो वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. आत मात्र मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावी. बरे वाटते म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, असावे. आपले मीठ भाजीपेक्षा लोणचे, पापड, फरसाण आणि सुक्या बोंबलातून गुपचूप जाते. बोंबील कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. मशेरी आणि तंबाखूनेही रक्तदाब चढतो. बायकांच्या मशेरीकडे घरात कोणी व्यसन म्हणून बघतच नाही!

बुद्धी वाढवणाऱ्या महागड्या पावडरी घेण्याचे कारण नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा मासे, एवढे पुरे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षे अभ्यास झाला. त्यात ज्यांनी आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष असे सारे एकत्र सांभाळले, त्यांची विचारशक्ती इतरांपेक्षा जास्त सुधारली.

आजीला ऐकू कमी येत असेल तर तिचे कान तपासून घ्या. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो. ऐकू येईना की माणूस गप्पांतून उठून कोपऱ्यात बसू लागतो.