बावलाचा खून आणि तुझा अभ्यास

मनू, पत्रकारितेला प्रवेश घेतल्यापासून तू गाझाच्या बातम्यांसाठी बीबीसी, अल जझीरा आणि आपल्या वाहिन्या सगळं पालथं घालतेस, आणि रात्री फोनवर विचारतेस, "ताई, यातलं खरं कोण बोलतंय?" अगं, एवढ्या लांब जाण्याआधी आपल्या इंदूरचं प्रकरण हाताळून बघ.

१२ जानेवारी १९२५. मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या धनिक व्यापाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सोबत होती मुमताज, इंदूरच्या होळकरांचा दरबार सोडून आलेली. हल्लेखोर तिला ओढून नेत होते, तेवढ्यात तिथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले. बातमी जगभर गेली. मुंबई हायकोर्टात खटला चालला, काहींना फाशीची शिक्षा झाली. आरोपींत इंदूर दरबारची माणसं होती. इंदूरचे राजे तुकोजीराव महाराज मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच उभे राहिले नाहीत. सरकारने त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोग किंवा गादीत्याग. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली.

आता सांग, हल्ल्याचा हुकूम महाराजांचाच होता का? लोक म्हणतात, गादी सोडली म्हणजे कबुलीच. मला हे पटत नाही. आयोग नेमणार कोण, तर इंग्रज सरकारच. तो आयोग टाळायला निर्दोष माणसालाही कारण असू शकतं. पण म्हणून महाराज निर्दोष ठरले, असंही नाही. त्यावर कोर्टाचा निकाल कधी लागलाच नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

मुमताजने साक्षीत जे सांगितलं ते तिने स्वतः भोगलेलं होतं, तरी तिलाही तिची बाजू होतीच. इंग्रज अधिकाऱ्यांनी रस्त्यावरची झटापट पाहिली. इंदुरात काय शिजलं हे त्यांना कुठून कळणार? आणि लांबच्या शहरांतली वर्तमानपत्रं बहुतेक तारेनं आलेलाच मजकूर छापत. दहा ठिकाणी छापून आलं म्हणजे दहा साक्षीदार झाले, असं धरू नकोस. व्हॉट्सॲपवर तरी दुसरं काय चालतं?

आणि हो, आपण राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्या. होळकरांचं नाव निघालं की आपला आवाज आपोआप बदलतो. वहीत आधी ते लिहून ठेव, मग साक्षी वाचायला घे. गाझाची क्लिप त्यानंतर लाव. ती कुणी, कुठून, कधी चित्रित केली, हे तू स्वतःच विचारायला लागशील.