अळंबी खा, पण ओळखीची खा

चार दिवस पाऊस लागून थोडी उघडीप पडली, की मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि शहापूर-कसारा पट्ट्यात आदिवासी भगिनी अळंबीचे वाटे लावून बसतात. चुंदाच्या घरच्या भोजनातले 'सूकरमद्दव' म्हणजे अळंबीच, असेही काही जुने भाष्यकार सांगतात. तो वाद विद्वानांचा. आपण स्वयंपाकघरापुरते बोलू.

रानातली ही अळंबी वारुळावर येते. वाळवी पालापाचोळ्यावर ही बुरशी आत पोसते आणि पावसात छत्री वर निघते. तिचा देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. हिची शेती अजून कुणाला नीट जमलेली नाही, म्हणून भाव चढा. भाताच्या पेंढ्यावर घरी पिकते ती धिंगरी. तिचे बियाणे विकत मिळते आणि तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी होते. मात्र दम्याच्या माणसाने धिंगरीच्या खोलीत वावरू नये, तिच्या बारीक भुकटीने खोकला उठतो.

"अळंबी म्हणजे मटणाची बरोबरी" असे म्हणतात. ते वाळवलेल्या अळंबीबद्दल थोडेफार खरे. 100 ग्रॅम ताज्या अळंबीत 90 ग्रॅमच्या आसपास पाणीच असते, प्रथिने 2 ते 4 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम मिळतात. तरी तिचे गुण खरे आहेत. चरबी, साखर आणि मीठ कमी, तंतू आणि ब जीवनसत्त्वे चांगली. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांना ही भाजी चालते, वरून मीठ-तेल ओतले नाही तर. मूत्रपिंडाच्या रुग्णाने आधी डॉक्टरांना विचारावे, कारण हिच्यात पोटॅशियम भरपूर असते. चिरलेली अळंबी दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवली, तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. अळंबीची पावडर विकणारे साखर, कर्करोग सगळे बरे करून देतात. त्यांच्या नादी लागून चालू गोळी बंद करू नका.

आता धोक्याचे. उकिरड्यावर, गवतात उगवणारी कुत्र्याची छत्री दिसायला तशीच. किड्यांनी खाल्ली म्हणजे चांगली, शिजवताना लसूण किंवा चांदी काळी पडली नाही म्हणजे बिनविषारी, या समजुती खोट्या आहेत. काही विषे उकळूनही जात नाहीत. सर्वांत घातक विषाचा त्रास जेवणानंतर सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरे वाटते आणि आत यकृत निकामी होत असते. म्हणून वर्षानुवर्षे वेचणाऱ्या जाणत्या बाईकडूनच घ्यावी, मुलांनी वेचून आणलेली शिजवू नये. त्याच दिवशी, पूर्ण शिजवून खावी.

खाल्ल्यावर उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. थांबल्या तरीही 108 ला फोन करून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जा. उरलेली भाजी आणि एखादी कच्ची छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सगळ्यांना घेऊन जा.