ग्रीनलंडचा बर्फ आणि पावसाचे पट्टे

ग्रीनलंडचा सुमारे चार-पंचमांश भाग बर्फाच्या थराखाली आहे. हा थर संपूर्ण वितळल्यास जगातील समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. परंतु हा प्रश्नाचा एकच भाग होय. बर्फाचा माथा जसजसा खाली येतो तसतशी त्याला अधिक उबदार हवा लागते आणि वितळणे वाढते. एका मर्यादेपलीकडे ही क्रिया स्वतःच्याच बळावर चालू राहते. या मर्यादेस निर्णायक बिंदू म्हणता येईल.

वितळलेले गोडे पाणी उत्तर अटलांटिक महासागरात उतरते. तेथे दक्षिणेकडून आलेले खारे, उबदार पाणी थंड व जड होऊन खोल बुडते आणि तळाकडून परत दक्षिणेस वाहते. या अभिसरणामुळे प्रचंड उष्णता उत्तरेकडे जाते. गोड्या पाण्याने क्षारता घटली की पाणी हलके होते, बुडणे मंदावते; मग दक्षिणेतून येणारे खारे पाणीही कमी होते आणि मंदावण्यातूनच मंदावणे वाढते. उत्तरेस न गेलेली उष्णता दक्षिण गोलार्धात साचते व पश्चिम अंटार्क्टिकाच्या हिमस्तरास बाधक ठरू शकते. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. एकाच ओढ्यावर पाझर तलावांची रांग असावी आणि वरचा फुटताच खालच्यावर भार यावा, तसा हा प्रकार. येथे मात्र वरचा तलाव फुटल्याचे खाली कळण्यास कित्येक दशके, क्वचित शतकेही लागतील.

हे निव्वळ गणित नव्हे. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतील अगासी या हिमसरोवराचे पाणी हडसन उपसागरात एकाएकी उतरले. उत्तर अटलांटिकचा प्रदेश सुमारे दीडशे वर्षे गारठला; त्याच काळी आशियातील मोसमी पाऊस क्षीण झाल्याच्या खुणा ओमान व चीनमधील गुहांतील चुनखडीच्या स्तंभांत सापडल्या आहेत. धरणांचे सांडवे आणि पिकांचे वेळापत्रक आपल्याकडे मागील काही दशकांच्या पर्जन्यनोंदींवरून ठरते, हे येथे ध्यानात घ्यावे.

सर्वच दुवे मात्र एका दिशेने ओढत नाहीत. अभिसरण मंदावल्यास ग्रीनलंडभोवतीची हवा थंडावते व तेथील बर्फाला उलट आधारच मिळतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रीनलंड, पश्चिम अंटार्क्टिका, अटलांटिक अभिसरण व ॲमेझॉनचे अरण्य यांचे परस्परसंबंध गणिताने तपासले गेले. साखळीचा आरंभ बहुधा हिमस्तरांपासून होतो व अभिसरण हा धक्का पुढे पोचविते, असे त्यात दिसून आले. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या त्याच वर्षीच्या अहवालानुसार हे अभिसरण या शतकात मंदावेल, याची शक्यता अतिशय दाट मानली आहे. २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, याविषयीची खात्री मात्र मध्यम प्रतीचीच आहे.