‘होतं’ की ‘आहे’? : ‘माझा आवडता प्राणी’ शिकवताना



‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आपण डोळे मिटून देतो. मागच्या नोव्हेंबरात मीही सहावीला दिला. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘माझ्या कुत्र्याचं नाव ब्राउनी होतं. त्याला पाव आवडायचा.’ मी लाल पेनानं ‘होतं’चं ‘आहे’ केलं, ‘आवडायचा’चं ‘आवडतो’. काळाची चूक! पुढच्या वेळी वही आली तेव्हा माझ्या दुरुस्त्या तिनं पेन्सिलीनं खोडल्या होत्या.

पालकसभेत आईकडून कळलं. ब्राउनी ऑक्टोबरात गेला. २ नोव्हेंबर म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. कबरी धुवायच्या, फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून चर्चमध्ये द्यायची, त्यांच्यासाठी मिस्सा होते. मुलीनं आजोबांच्या नावाखाली ब्राउनीचं नाव लिहिलं. आईनं कागदच बदलला, “असं चालत नाही गं.” तेव्हापासून मुलगी रविवारी चर्चला यायला कुरकुर करत होती. “टीचर, माझं चुकलं का?” असं आईनं विचारलं. मी ख्रिस्ती नाही, लगेच काय सांगणार? म्हणून थोडं वाचलं, एका फादरांशी बोलले.

आईचं चुकलं नव्हतं. ती मिस्सा माणसांच्या आत्म्यांसाठी असते. कॅथलिक चर्चमध्ये प्राण्यांचा अंत्यविधी म्हणून ठरलेला विधी नाही. त्यांची धर्मशिकवण सांगते की प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेनं वागणं हे माणसाचं कर्तव्य आहे. त्यांच्यावर प्रेम जरूर करावं, पण माणसाच्या वाट्याचं प्रेम त्यांना देऊ नये. दुःखातल्या मुलीला हे वाक्य जसंच्या तसं ऐकवू नये, असं माझं मत.

पण गोष्ट इथेच संपत नाही. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा सण. त्या सुमारास जगभरच्या अनेक चर्चमध्ये, मुंबईतही काही ठिकाणी, लोक कुत्री, मांजरं, पोपट घेऊन येतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. म्हणजे जिवंत प्राण्याला चर्चच्या दारात जागा आहे, गेलेल्याची मात्र पंचाईत! पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात लिहिलंय की अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक जीव उजळून आपली जागा घेईल. ही आशा आहे. ब्राउनी नक्की कुठे आहे याचं उत्तर नाही.

आईकडे एक फॉरवर्डही होता : कुत्रा मेलेल्या मुलाला पोपनी सांगितलं, तुझा कुत्रा तुला स्वर्गात भेटेल. ही बातमी डिसेंबर २०१४ मध्ये मोठमोठ्या वर्तमानपत्रांत आली होती आणि चुकीची निघाली. पोप फ्रान्सिस तसं बोललेच नव्हते, वर्तमानपत्रांना दुरुस्ती छापावी लागली. मुलांना धीर द्यायला खोटं सांगू नका. ‘तो तारा झाला’, ‘गावाला गेला’ हेही नको. ही मुलं सहावीत आहेत, त्यांना कळतं.

आणखी एक गोष्ट आई बोलता बोलता सांगून गेली. ब्राउनीला मालाडला महापालिकेच्या प्राण्यांच्या दहनभट्टीत नेलं (गॅसवर चालणारी ही सोय २०२३ पासून आहे), तेव्हा मुलगी शाळेत होती. घरी आली तर पट्टा आणि रिकामी वाटी. मला वाटतं, खरा सल हा होता. चर्चचा कागद नंतरचा. निरोपच घेऊ दिला नाही, तर मूल निरोपाची जागा शोधतंच. पालकहो, शक्य असेल तर शाळा बुडू द्या.

फादरांनी साधा मार्ग सुचवला : मृतांच्या यादीत नको, पण घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ब्राउनीबद्दल देवाचे आभार मानायला काहीच हरकत नाही. नाव घेऊन माना.

वर्गात मी आधी सर्वांसमोर माझी चूक कबूल केली, मग निबंध पुन्हा दिला, या वेळी दोन्ही काळ चालतील असं सांगून. नऊ मुलांनी ‘होता’नं लिहिलं. एकाचा कासव, एकाची गावची म्हैस, तिसरीची चाळीतली, कुणाचीच नसलेली मांजर. बैलपोळा नि वसुबारस शिकवतो आपण, पण गोठ्यातलं जनावर मेल्यावर घरात चूल पेटत नाही हे पुस्तकात कुठे असतं? म्हशीवाल्या मुलानं ते लिहिलं होतं.

डिसेंबरात गोठ्यांची तयारी सुरू झाली तेव्हा मी वर्गाला सांगितलं की १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी नाताळचा देखावा मांडला, तेव्हा खराखुरा बैल आणि गाढव आणून उभे केले होते. पुढचं मी काही सुचवलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीनंतर मुलीनं घरच्या गोठ्याचा फोटो दाखवला. गवतावर बैल, गाढव, मेंढ्या आणि त्यांच्या शेजारी शाडूचा तपकिरी कुत्रा. एक कान मोडलेला.

“आईनं ठेवू दिला?” मी विचारलं.

“कान तिच्याच हातून मोडला, टीचर. ठेवताना.”