कृती कोणाची?

बारामतीचे नाव घेताच मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास कविवर्य मोरोपंतांचे स्मरण होते, आणि इंदापूरचे नाव घेताच वारकऱ्यास तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आठवतो. ह्या दोन्ही कवींची पद्ये आपण क्रमिक पुस्तकांतून पाठ करितो, आणि ‘हे पद्य कोणी रचिले?’ ह्या प्रश्नास एका शब्दात उत्तर देऊन एक गुण मिळवितो. परंतु अमुक मनुष्य अमुक कृतीचा कर्ता आहे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो, आणि कोणाचे कर्तृत्व किती हे कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचा विचार शक्य तितका आपल्याच मुलखातील उदाहरणे घेऊन करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम मोरोपंतांचेच उदाहरण घेऊ. मोरेश्वर रामचंद्र पराडकर ह्यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. तरुणपणी ते बारामतीस आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिले, आणि १७९४ मध्ये कऱ्हेकाठच्या ह्याच गावी त्यांनी देह ठेविला. त्यांच्या ‘आर्याभारता’तील कथा त्यांची नव्हे, ती व्यासांची होय. त्यांनी रामायणे रचिली. परंपरेने त्यांची संख्या १०८ सांगतात. ती कथाही त्यांची नव्हे, ती वाल्मीकींची. मग पंतांचे असे त्यात काय उरले, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून त्यांचे ‘निरोष्ठ रामायण’ पुढे करावे. ओठास ओठ लागल्यावाचून ज्यांचा उच्चार होत नाही, ती प, फ, ब, भ, म ही अक्षरे ह्या रचनेत वर्ज्य आहेत. आता ‘राम’ ह्या शब्दातच ‘म’ आहे! म्हणजे ज्याचे चरित्र गावयाचे त्याचे रूढ नावच घ्यावयाचे नाही, आणि तरीही कथा सांगावयाची. विद्यार्थ्यांनी अशी पाचच वाक्ये लिहून पाहावी, म्हणजे कथा दुसऱ्याची असूनही कृती आपली कशी होते ते ध्यानात येईल. ‘केकावली’त तर कवीने आपले नावच काव्याच्या मुळाशी घातले आहे. केका म्हणजे मोराचा टाहो. आणि मोरोपंत स्वतःस मयूर म्हणवीत. भक्ताने देवास मारलेली हाक त्या एका शब्दाने ‘मोराची’ झाली.

येथे मापाचा पहिला धडा मिळतो. १०८ रामायणे ही संख्या पाहून कोणीही थक्क होईल. परंतु रसिकांनी पंतांच्या रचनांत मानाचे स्थान दिले ते एकशेवीसच्या आसपास श्लोकांच्या ‘केकावली’स. संख्येने कवीचा उद्योग कळतो, योग्यता कळत नाही.

तुकोबांची गोष्ट निराळी. मोरोपंतांनी बैठक मारून लिहिले. तुकोबांचे अभंग कीर्तनातून, टाळकऱ्यांच्या कंठातून आणि वह्यांतून पसरले. त्यांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली असे मानतात. आजही ती पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ह्या वाटेने पंढरीस जाते, आणि वाटेवरील प्रत्येक गावी तेच अभंग पुन्हा उच्चारिले जातात. अशा मुखोद्गत वाङ्मयात कर्त्याची खूण राहते ती अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रेने. परंतु नाव घालणे जितके सोपे, तितके ते काढणेही सोपे. सालोमालो नावाचा कोणी एक मनुष्य तुकोबांच्या अभंगांतील त्यांची मुद्रा काढून तेथे आपली घालीत असे, अशी कथा परंपरेत सांगतात.

ह्याच्या नेमका उलट प्रकार १९३६ साली घडला. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ ह्या बोलपटासाठी शांताराम आठवले ह्यांनी बीज आणि अंकुर ह्यांच्या रूपकाचे एक पद लिहिले. ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की, हा अभंग गाथेत कोठे आहे, अशी विचारणा जाणत्या लोकांकडूनही झाली. सालोमालोने दुसऱ्याचे धन आपले म्हटले. आठवल्यांचे धन लोकांनी दुसऱ्याच्या पेटीत टाकिले. पहिल्यात लबाडी होती; दुसऱ्यात कोणाचीही लबाडी नव्हती, तरीही खऱ्या कर्त्याचे नाव झाकले गेले. ह्यावरून असे दिसते की, कृतीवर कर्त्याचे नाव नीट लिहिणे आणि ते नीट जपणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले लेखकाचे, दुसरे वाचकांचे. नामदेवांच्या गाथेत पुढील काळातील विष्णुदास नामा ह्या कवीच्या रचना मिसळल्या, आणि त्या निवडून काढण्यात अभ्यासकांस किती श्रम पडले हे मराठीचे पंडित जाणतात.

ह्या श्रमांवरून आपण विद्वानाच्या कर्तृत्वाकडे वळू. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. स्वतः श्रेष्ठ कवी असूनही ह्या कामात त्यांनी आपली प्रतिभा बाजूस ठेविली. तसाच प्रचंड उद्योग आपल्याच जिल्ह्यात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात झाला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम तेथे १९१९ मध्ये हाती घेण्यात आले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. १९४३ मध्ये ते वारले, आणि पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य ह्यांनी ती धुरा वाहिली. १,२५९ हस्तलिखिते तपासून हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले.

आता एकच भारत तीन ठिकाणी पाहा. व्यासांनी ते सांगितले. मोरोपंतांनी बारामतीस ते आर्यांत ओतले. सुखटणकरादिकांनी पुण्यास त्याचा पाठ शोधिला. कवीचे मोठेपण त्याने आपले काय घातले ह्यात. संपादकाचे मोठेपण त्याने आपले काहीएक घातले नाही ह्यात. कोणता शब्द का स्वीकारिला आणि कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे, हे त्याने तळटीपांत सांगितले पाहिजे, म्हणजे दुसऱ्यास ते पडताळून पाहता यावे. दोघांस एकाच मापाने मोजू गेल्यास एकावर तरी अन्याय होणारच.

एका कृतीस अनेक हात लागतात तेव्हा काय करावे? रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले, आणि १९१९ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्याचे सुमारे दहाच अध्याय झाले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी रचिले. ज्यांचे शिक्षण शाळेत नव्हे, तर घरीच झाले होते त्या लक्ष्मीबाईंनी! ओव्या मोजल्या तर काव्य बाईंचे. संकल्प पाहिला तर टिळकांचे. खरे उत्तर असे की ते दोघांचे आहे, आणि कोणाचे कोठवर हे स्पष्ट सांगितले गेल्यामुळे कोणाचेच श्रेय उणे झाले नाही.

आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने निघाले. मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याच्या छपाईसाठी हात राबविले. ह्या स्त्रिया भाषांतरकर्त्या नव्हेत. पण त्यांच्यावाचून भाषांतर वाचकांच्या हाती आले नसते. त्यांस कर्त्याचा मान देणे खरे नव्हे, आणि त्यांचा उल्लेखच गाळणे न्याय्य नव्हे. कर्ता आणि साहाय्यक हा भेद आणि साहाय्यकाचे आभार, दोन्ही हवीत.

अर्वाचीन शास्त्रांत हा प्रश्न फार मोठा झाला आहे. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यास ५,१५४ कर्ते होते. त्याच्या ३३ पृष्ठांपैकी मजकुरास ९ पृष्ठे पुरली. उरलेली २४ कर्त्यांच्या व त्यांच्या संस्थांच्या नावांनी भरली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी ह्यासाठी चार कसोट्या ठरविल्या आहेत. कर्ता म्हणविणाराने कामात भरीव वाटा उचललेला असावा. लेखन किंवा त्याचे महत्त्वाचे संशोधन केलेले असावे. अखेरच्या मजकुरास संमती दिलेली असावी. आणि त्या कामाबद्दल जाब देण्यास तो बांधलेला असावा. चारही पुऱ्या झाल्या पाहिजेत. केवळ पैसा पुरविणारा किंवा केवळ खात्याचा प्रमुख असलेला मनुष्य ह्या कसोट्यांनी कर्ता ठरत नाही.

विद्वानांस मोजण्याचा अंकही निघाला आहे. होर्हे हिर्श ह्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचविला. ज्याच्या २० निबंधांचा उल्लेख इतरांनी प्रत्येकी निदान २० वेळा केला, त्याचा अंक २०. तीसचे तसे झाले तर ३०. हे गणित सुटसुटीत आहे, परंतु दोघांनी मिळून लिहिलेला निबंध आणि पाच हजारांनी मिळून लिहिलेला निबंध ह्यांत त्यास भेद दिसत नाही. उल्लेख स्तुतीसाठी झाला की खंडनासाठी, हेही त्यास कळत नाही. जन्मभर एकाच ग्रंथाचा पाठ शुद्ध करीत बसलेल्या पंडितास तर त्या अंकात जवळजवळ स्थानच नाही.

मग माप कोणते? आमच्या मते दोन प्रश्न विचारावे. ह्या मनुष्याचा हात काढून घेतला तर कृतीत काय उणे होईल? आणि कृतीत चूक निघाली तर उत्तर देण्यास कोण उभा राहील? पहिल्या प्रश्नाने श्रेय ठरते, दुसऱ्याने जबाबदारी. दोन्ही ज्याच्या ठायी एकत्र येतात तो कर्ता होय. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही असेच एक तत्त्व आहे: लेखकाने ग्रंथाचे हक्क दुसऱ्यास विकले, तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. द्रव्य हस्तांतरित होते. कर्तृत्व होत नाही.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय पंडितांपुरता नाही. तुमच्या निबंधाच्या वहीवर तुमचे नाव असते. आज पुस्तकांतून, दुसऱ्याच्या वहीतून, आणि आता तर मजकूर लिहून देणाऱ्या यंत्राकडूनही निबंध क्षणात मिळतो. यंत्रास लेखाचा कर्ता मानण्यास प्रमुख शास्त्रीय नियतकालिके नकार देतात, कारण चूक झाल्यास ते जाब देऊ शकत नाही. मग जो निबंध तुम्ही लिहिला नाही, आणि ज्यातील एका वाक्याचाही अर्थ विचारल्यास तुम्हांस सांगता येत नाही, त्यावरील तुमचे नाव काय सांगते?

पालकांसही आमची विनंती आहे. मुलाचा निबंध अडला म्हणजे मायेपोटी आपण तो लिहून देता; हेतू चांगला असतो. परंतु त्या दहा ओळींवर मिळालेले गुण मुलाचे नसतात हे मुलास ठाऊक असते, आणि आपली तोडकीमोडकी वाक्ये घरच्यांस पसंत नव्हती हेही त्यास कळते. त्यापेक्षा त्यास प्रश्न विचारा, शब्द सुचवा, चूक दाखवा, आणि लेखणी त्याच्याच हाती राहू द्या. मुलाने शेवटी ‘अमुक माहिती वडिलांनी सांगितली’, ‘अमुक ह्या पुस्तकातून घेतली’ असे लिहिल्यास त्याचे गुण कमी होऊ नयेत. आम्हां शिक्षकांनी तर त्याबद्दल त्याची पाठ थोपटावी.

ज्याचे ऋण त्यास फेडावे ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. विचाराचे ऋणही ऋणच होय. ते फेडण्यास पैसा लागत नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव लिहिले म्हणजे ते फिटते. आणि ते फेडल्यावर जे थोडेबहुत आपले म्हणून उरेल, मग ती दोनच वाक्ये का असेनात, त्याखाली विद्यार्थ्याने आपले नाव निःशंकपणे लिहावे.